गाडीचा रंग आणि अळवावरचं पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



नवी गाडी दारात आली की कुणी नारळ फोडतो, कुणी लिंबू-मिरची बांधतो, कुणी गल्लीत पेढे वाटतो. हल्ली त्यात आणखी एका विधीची भर पडली आहे. किल्ली हातात पडायच्या आधीच विचारणा होते, 'साहेब, सिरॅमिक कोटिंग करून घेणार ना?' नाही म्हणावं तर मनाला रुखरुख, हो म्हणावं तर खिशाला कात्री. दुसरीकडे, फवारायच्या मेणाची बाटली काही शे रुपयांत मिळते. या दोहोंत खरा फरक काय आणि कोणाला काय पुरतं, याविषयी आज थोडं बोलू या.

आधी ज्याची राखण करायची ती वस्तू ओळखून घेऊ. आजच्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचा एकच थर नसतो. गंज लागू नये म्हणून विजेच्या साहाय्यानं बसवलेला तळाचा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर. त्याला कारागीर 'क्लिअर कोट' म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर कोटचा वाटा ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही बहुधा पातळ. ऊन, धूळ, पाऊस, पाखरांची शीट या सगळ्यांचा पहिला मारा हाच थर सोसतो. अतिनील किरणांना अडवणारी द्रव्यंही त्यातच मिसळलेली असतात.

पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांना हा पारदर्शक थर नसे. मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ साली कायमची निवृत्त झालेली पद्मिनी टॅक्सी आठवा. तशा गाड्यांचा रंग उन्हानं पांढुरका पडे, हात फिरवला तर बोटांना भुकटी लागे आणि पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग चढे. त्या काळी मेण लावणं ही गरज होती. आजच्या रंगाची राखण बऱ्याच अंशी क्लिअर कोटच करतो. आपण वरून जे लावतो ते त्या राखणदाराच्या अंगावरचं घोंगडं. ते असावं, पण राखणदार तो नव्हे, हे लक्षात ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो.

आता मेणाकडे येऊ. गाडीच्या मेणात नावाजलेलं ते कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर ते साचतं. तिथल्या कोरड्या उन्हात पानातलं पाणी टिकावं म्हणून झाडानंच केलेली ही सोय. हे मेण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून मेणांमध्ये ते कणखर समजतात. फवारायच्या बाटलीत असं एखादं मेण, काही सिलिकॉन किंवा पॉलिमर आणि बरंचसं पाणी एकजीव केलेलं असतं. धुतलेल्या गाडीवर सावलीत फवारायचं आणि मऊ फडक्यानं पुसून घ्यायचं. अर्ध्या तासाचं काम. पण हे मेण रंगाला नुसतं चिकटून असतं. ऊन, पाऊस आणि साबण मिळून काही आठवड्यांत ते उतरवतात.

सिरॅमिकची गोष्ट वेगळी आहे. नाव ऐकून भट्टीतली चिनी माती डोळ्यांपुढे येते, पण तसं काही नसतं. बाटलीत सिलिकॉनची संयुगं असलेलं द्रव असतं. ते रंगावर लावलं की त्यातला द्रावक उडून जातो, उरलेली संयुगं हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावतात, एकमेकांत गुंफली जातात आणि काचेशी नातं सांगणारा एक पातळ, टणक थर तयार होतो. तो क्लिअर कोटला घट्ट धरतो आणि नीट लावला, नीट सांभाळला तर दोन-तीन वर्षं टिकतो. पण लावताना जागा बंदिस्त हवी, धूळ नको, आणि पहिला दिवसभर तरी पाणी लागता कामा नये. पुसायचं राहिलेलं द्रव तिथेच घट्ट होऊन डाग धरतं, मग ते घासूनच काढावं लागतं.

या दोहोंच्या मधला एक प्रकार आहे, फवारायचं सिरॅमिक सीलंट. त्यात सिलिकाची संयुगं कमी प्रमाणात असतात. लावायला मेणाइतकंच सोपं आणि टिकायला मेणापेक्षा बरं. काही महिने निघतात. बाटलीवर 'सिरॅमिक' लिहिलंय म्हणून वर्षांची अपेक्षा मात्र ठेवू नये.

कवितेच्या धंद्यात शब्द पारखून घ्यायची सवय लागते. म्हणून जाहिरातीतल्या एका शब्दाकडे लक्ष वेधतो : 'नाइन एच'. ऐकणाऱ्याला वाटतं, हिऱ्याच्या खालोखाल कठीण! कारण खनिजांचा कठीणपणा मोजणारी, १८१२ साली फ्रीडरिश मोस यांनी मांडलेली एक ते दहाची पट्टी आपण शाळेत शिकलेलो असतो आणि तिथे हिरा दहावर असतो. पण हे नऊ त्या पट्टीवरचे नव्हेत. ही पेन्सिलीची पट्टी आहे. ड्रॉइंगच्या तासाला आपण टू-बी, टू-एच पेन्सिली वापरत होतो, त्यातलीच सगळ्यात कठीण पेन्सिल म्हणजे नाइन एच. ठरावीक दाबानं ती ओढली आणि थरावर ओरखडा उठला नाही, एवढाच या शब्दाचा अर्थ. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत मात्र गारेचे कण असतात आणि गार मोस यांच्या पट्टीवर सातव्या क्रमांकाला बसते. तेव्हा धुळीनं भरलेली गाडी कोरड्या फडक्यानं पुसाल, तर सिरॅमिक असो वा नसो, बारीक चरे पडणारच. उडालेल्या खडीपासून तर दोन्ही वाचवत नाहीत. त्यासाठी दीड-दोनशे मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म मिळते, पण तिचा खर्च निराळा.

मग या थरांचा उपयोग काय? पाणी आणि मळ यांना ते धरू देत नाहीत. अळूच्या पानावर थेंब कसा मोत्यासारखा ठरतो आणि पान हललं की घरंगळून जातो, तसंच काहीसं. गाडीवरचा थर अळवाची बरोबरी करत नाही, पण रीत तीच. मळ सैल बसतो, धुणं सोपं होतं आणि घासावं कमी लागतं. 'अळवावरचं पाणी' म्हणजे न टिकणारी गोष्ट, असं आपण म्हणतो. गाडीवरचं पाणी मात्र टिकलं तर पंचाईत. बोअरच्या जड पाण्याचे थेंब उन्हात जागीच सुकले की क्षारांची पांढरी कडी मागे राहतात. सिरॅमिक लावलेल्या गाडीवरही ती उमटतात. म्हणून धुतल्यावर पाणी टिपून घेणं चुकत नाही.

माझा भाचा सोलापुरात राहतो. त्यानं जुनी गाडी हप्त्यांवर घेतली आहे आणि तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूरच्या फेऱ्यांना ती लावतो. एका दुकानदारानं त्याला सिरॅमिकचा खर्च सांगितला, तो त्याच्या दोन हप्त्यांएवढा. त्यानं विचारलं, 'मामू, करू का? गाडी चकाकली तर गिऱ्हाईक वाढेल म्हणतात.'

मी त्याला कल्हईची आठवण दिली. आमच्या गल्लीत कल्हईवाले भाता मारत बसायचे. तांब्या-पितळेच्या भांड्यात नवसागर टाकून, कथिल फिरवून कापसानं पुसलं की भांडं आतून रुप्यासारखं दिसे. ती कल्हई झिजण्यासाठीच असे. ती झिजायची, भांडं आणि त्यातलं अन्न सांभाळायची आणि काही महिन्यांनी पुन्हा लावावी लागायची. कायमची कल्हई कुणी मागत नसे. गाडीवरचा थरही झिजण्यासाठीच असतो. प्रश्न एवढाच, की तो वारंवार आपल्या हातानं लावायचा, की एकदा पैसे मोजून बराच काळ विसरायचा.

भाच्याची गाडी रोज धुळीत, जुने चरे पडलेली. सिरॅमिक लावण्याआधी ते चरे मशीननं घासून काढावे लागतात, नाहीतर ते थराखाली तसेच दिसत राहतात. आणि प्रत्येक घासणीत क्लिअर कोटचे थोडे मायक्रॉन जातात, ते परत येत नाहीत. शिवाय गाडी तो स्वतः धुतो, म्हणजे मेहनत आहेच. तेव्हा फवारायचं मेण किंवा सीलंट त्याला पुरेसं आहे. दोन हप्त्यांचे पैसे टायर आणि ब्रेकवर खर्च झाले तर प्रवाशांचं भलं होईल. त्यानं तेच केलं. हेच उत्तर सगळ्यांना लागू होईल असं नाही. गाडी नवी असेल, ती सात-आठ वर्षं ठेवायची असेल, उघड्यावर उभी राहत असेल, हाताशी पैसा असेल आणि धुण्याची शिस्त असेल, तर चांगल्या कारागिराकडून सिरॅमिक करून घेणं वाया जात नाही. मात्र हमीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कित्येकदा 'पाच वर्षं' या शब्दांमागे दरवर्षी पैसे भरून करायच्या देखभालीची अट असते.

मेण फवारताना एक पथ्य पाळा. समोरच्या काचेवर आणि ब्रेकच्या तबकड्यांवर ते उडू देऊ नका. काच पावसात धुरकट दिसते आणि ब्रेकचं तर सांगायलाच नको. पाखराची शीट दिसली तर खरवडू नका. ओलं फडकं दोन मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या. थेंब ठरेनासे झाले तर लगेच थर गेला असं समजू नका. आधी गाडीच्या शांपूनं नीट धुऊन पाहा, पुष्कळदा वर मळच साचलेला असतो.

आणि शेवटची गोष्ट. आपल्या सोसायट्यांत पहाटे एक माणूस येतो. एक बादली, एक फडकं आणि पंधरा-वीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ विसाव्या गाडीवर फिरते, आणि चरे दिसले की आपण त्याच्यावर ओरडतो. त्याला पाणी उचलायला मजल्यांवर जावं लागतं, वेळ मिळतो तो गाडीमागे पाच मिनिटांचा. कोटिंगवर हजारो रुपये घालण्याआधी त्याला चार स्वच्छ मायक्रोफायबरची फडकी आणि दुसरी बादली घेऊन द्या. रोज कोरडं पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा पाण्यानं धुवायला सांगा आणि पगार कापू नका. गाडीच्या रंगाला सगळ्यात जास्त वेळा त्याचाच हात लागतो. तो हात जपला, तर बाटली कोणतीही घ्या, रंग जपला जाईल.