गावाच्या पाण्याची प्रत : आकडे कसे वाचावेत?



पाणी नितळ दिसते म्हणून ते पिण्यास योग्य ठरत नाही. फ्लोराइड, नायट्रेट व आर्सेनिक पाण्यात विरघळलेले असताना डोळ्यांना दिसत नाहीत आणि वासावरूनही ओळखता येत नाहीत. म्हणून पाण्याची पारख तपासणीच्या आकड्यांवरूनच करावी लागते. हे आकडे आज सर्वसामान्यांना उपलब्ध आहेत. ते नीट वाचणे हे खरे काम आहे.

मोजमापाचा आधार

भारतीय मानक ब्युरोचे आयएस १०५०० : २०१२ हे पेयजलाचे मानक. त्यानुसार एक लिटर पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, तर आर्सेनिकची ०.०१ मिलिग्रॅम आहे. १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय जिवाणू मुळीच आढळता कामा नयेत.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार, देशभरातील भूजलाच्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट, ९.०४ टक्के नमुन्यांत फ्लोराइड आणि ३.५५ टक्के नमुन्यांत आर्सेनिक मर्यादेपेक्षा अधिक आढळले. नियोजनासाठी ही माहिती मोलाची आहे. मात्र एखाद्या विशिष्ट विहिरीचे पाणी कसे आहे, हे त्यातून कळत नाही.

सरासरीचा धोका

समजा, एका गावात दहा हातपंप आहेत. नऊ पंपांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरला ०.६ मिलिग्रॅम आणि दहाव्यात ३ मिलिग्रॅम आहे. गावाची सरासरी ०.८४ येते, कागदोपत्री गाव सुरक्षित ठरते. परंतु दहाव्या पंपाचे पाणी पिणाऱ्या मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायल्यास हाडे व सांधे आखडतात. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही. म्हणून प्रतवारी प्रत्येक स्रोताची स्वतंत्र व्हावी आणि आरोग्यास घातक असा एक घटक जरी मर्यादेबाहेर असला, तरी तो स्रोत पिण्यासाठी अयोग्य मानावा.

कार्डाचा अर्थ

महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर स्वच्छता सर्वेक्षण करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. स्रोताचा परिसर, जलवाहिनीची गळती, टीसीएल पावडरचा साठा व वापर अशा बाबींवरून साथरोगाची जोखीम त्यात ठरते. ही पद्धत उपयुक्त आहे. तथापि हिरवे कार्ड म्हणजे फ्लोराइड किंवा नायट्रेट नसल्याचे प्रमाणपत्र नव्हे. त्यासाठी प्रयोगशाळेचा रासायनिक अहवालच पाहावा लागतो.

अहवालावरील तारीखही महत्त्वाची आहे. भूजलातील रासायनिक घटक साधारणतः ऋतुमानानुसार बदलतात. जिवाणूंचे प्रदूषण मात्र एका पावसानेही होऊ शकते. उन्हाळ्यातील शुद्ध नमुना श्रावणातील पाण्याची हमी देत नाही.

ग्रामसभेचे काम

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तपासणीचे निष्कर्ष संकेतस्थळावर नोंदविले जातात. संचाने दोष दाखविल्यास नमुना प्रयोगशाळेत पाठवून खात्री करून घ्यावी.

प्रत्येक ग्रामसभेने तीन प्रश्न विचारावेत : नमुना कोणत्या स्रोताचा, कोणत्या तारखेचा आणि दोष आढळल्यावर कोणती उपाययोजना झाली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल, तेव्हाच आकड्यांचा उपयोग पाणी भरणाऱ्या घरापर्यंत पोहोचेल.