‘या एकदा घरी’ म्हणताना

आपण या देशात नवीन आलो ते दिवस आठवा. भाषा येत होती, पण ऑफिसातले विनोद कळायचे नाहीत. ‘हाऊ आर यू’ला खरं उत्तर द्यायचं नसतं, हेसुद्धा शिकावं लागलं. दिवसभर हसरा चेहरा ठेवून घरी आलं, की अंगातलं त्राण जायचं. आणि मग दुकानात मागून कुणीतरी म्हणायचं, “अगं, कोथिंबीर घेतलीस का?” केवढं बरं वाटायचं!

काही माणसं हे पहिलं वर्ष आयुष्यभर जगतात. आज त्यांच्याविषयी बोलू या.

ऑटिझमला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो. मूळ ग्रीक ‘ऑटोस’चा अर्थही ‘स्वतः’ असाच आहे. या नावामुळे आपली समजूत होते, की याला माणसं नकोच असतात. पण एकट्या पडलेल्या अनेक ऑटिस्टिक मुलामुलींना मैत्री हवी असते. ती कशी करायची, याचे न सांगितलेले नियम त्यांना उमगत नाहीत.

आणि त्यांचे नियम आपल्याला तरी कुठे उमगतात? स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 साली हाच मुद्दा मांडला: गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. पुढे एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या कानगोष्टींसारखा प्रयोग केला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगायची. फक्त ऑटिस्टिक माणसांच्या रांगेतून गोष्ट इतरांच्या रांगेइतकीच नीट पोचली. म्हणजे संवाद त्यांना जमतो. आपल्याला जशी कोथिंबिरीची हाक भेटली, तशी त्यांनाही त्यांची माणसं भेटायला हवीत.

ती भेटेपर्यंत बरीच मुलं, त्यातही मुली, इतरांची नक्कल करतात. कधी हसायचं, किती वेळ डोळ्यात बघायचं, सगळं पाठ करतात. आपल्या मुलांना आधीच घरचा एक चेहरा आणि शाळेचा दुसरा. त्यावर हा तिसरा. मग विशीत प्रश्न पडतो, “यातली मी कोण?”

म्हणून एक विनंती. निदान झालं असेल, तर ते मुलापासून लपवू नका. ‘लोक काय म्हणतील’, ‘पुढे लग्नाचं काय’ ही काळजी खरी आहे. पण आपण त्याला नाव सांगितलं नाही, तर तो स्वतःलाच नावं ठेवतो: विचित्र, आळशी, माठ.

दुसरी विनंती मंडळातल्या सगळ्यांना. गणपतीच्या दिवशी हॉलमध्ये ढोल-ताशे, माइकची शिट्टी, दोनशे माणसं. एखादा मुलगा बाहेर गाडीत बसून राहतो. त्याला ओढून आत आणू नका, आईला सल्ला देऊ नका. प्रसादाची वाटी घेऊन त्याच्याजवळ जा. तो फोनवर नकाशे बघत असेल, तर नकाशांबद्दल विचारा. उत्तर लांबलं तर लांबू द्या. बोलणं झालंच नाही, तर नुसतं शेजारी बसा. तीही सोबतच असते.

आणि निघताना आपल्या सवयीने “या एकदा घरी” म्हणू नका. आपल्यासाठी तो निरोप असतो. त्याच्यासाठी ते आमंत्रण असतं, आणि तो वाट बघत राहतो. त्याऐवजी सांगा, “शनिवारी चार वाजता ये. आपण दोघंच असू. बुद्धिबळ खेळू, सहा वाजता मी तुला घरी सोडेन.” आणि शनिवारी चार वाजता खरंच घरी असा.

या शनिवारी कुणाला बोलवाल? पुढच्या वेळी भेटू, तेव्हा जरूर सांगा.