गुडघेदुखी : विश्रांती की व्यायाम?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून गुडघ्यांविषयी बोलावयाचे, आणि तेही हमालांच्या संघटनेत ज्याचे आयुष्य गेले अशा माणसाने, याचे आपल्यापैकी काहींस नवल वाटले असेल. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा नववीपाशी सुटली. पुढचे शिक्षण बाजारपेठेतल्या हमालांच्या अड्ड्यावर, कामगार न्यायालयाच्या बाकांवर आणि आपल्याच गावच्या वाचनालयात झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात या व्याख्यानांची प्रथा घातली. ज्याला जे कळले ते त्याने चार माणसांपुढे मांडावे, असा तिचा अर्थ आम्ही घेतो आणि त्या आधारावर उभे राहतो. शिवाय आम्हांस येथे एक कबुलीही द्यावयाची आहे.

आमच्या संघटनेत एक हमाल होता. तीस वर्षे पाठीवर पोती वाहिलेला, वय बावन्न. त्याचा उजवा गुडघा दुखू लागला. सकाळी उठताना सांधा धरे, जिना उतरताना कळ येई. आम्ही व्यापाऱ्यांशी दोन महिने भांडलो आणि त्याला बसून चिठ्ठ्या फाडण्याचे हलके काम मिळवून दिले. त्या दिवशी आम्ही मोठ्या अभिमानाने त्याला सांगितले, “आता पायाला अजिबात त्रास देऊ नकोस. बसून राहा.” त्याने आमचे शब्दशः ऐकले. बाजारात तो बसे, घरी खाटेवर बसे. दोन वर्षांनी पाहतो तो मांड्या काडीसारख्या झालेल्या, वजन वाढलेले, आणि खुर्चीवरून उठावयाचे तर दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागे. एके दिवशी तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, तुम्ही मला बसवलंत खरं. आता उठवणार कोण?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते शोधता शोधता जे वाचले, जाणकारांना विचारले आणि पुढे स्वतःच्या गुडघ्यावरही करून पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम आमची चूक कशी झाली ते सांगतो, कारण ती घरोघरी होते. कामगार चळवळीच्या रक्तात विश्रांतीचा हक्क भिनलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झुंज दिली आणि १८९० साली रविवारची सुटी मिळाली. त्या परंपरेतले आम्ही. दुखले की थांबवावे, एवढेच आम्हांस ठाऊक. दुसरे असे की, आम्ही शरीराकडे यंत्र म्हणून पाहत होतो. बेअरिंग झिजले की ते जितके कमी फिरवाल तितके जास्त दिवस टिकते. गुडघाही तसाच झिजतो, असे आम्ही समजत होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही ‘झीज’ हाच शब्द असतो, मग शंका कोण घेणार?

पण गुडघा बेअरिंग नव्हे. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिचे पोषण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होते. पाय टेकला की कूर्चा दाबली जाते, उचलला की सुटते; पाण्यात स्पंज दाबावा आणि सोडावा, तसा द्रव आतबाहेर होतो. म्हणजे बेताचा भार आणि हालचाल हे कूर्चेचे अन्न आहे. सांधा बसवून ठेवला की त्याचे अन्नच तुटते. भोवतालचे स्नायू सुकतात, मग प्रत्येक पावलाचा हिसका थेट सांध्यावर येतो, तो अधिक दुखतो, आणि दुखतो म्हणून माणूस आणखी बसतो. आमचा हमाल याच चक्रात सापडला होता, आणि चक्रात त्याला ढकलणारे आम्ही होतो.

या विकाराला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. आमवात तो वेगळा. त्याची औषधे वेगळी. हा विकार केवळ कूर्चेचा नसून हाड, स्नायू, सांध्याचे अस्तर अशा साऱ्या सांध्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना तो होता, त्यांत सुमारे ६० टक्के स्त्रिया. आणि सर्वांत अधिक, म्हणजे ३६ कोटी ५० लाख, गुडघ्याचे रुग्ण. खुब्याचाही सांधा यात येतो. तेथील दुखणे पुष्कळदा जांघेत जाणवते आणि माणूस कंबरेवर उपचार करीत बसतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. क्ष-किरणांचे चित्र आणि दुखणे यांचा मेळ बसतोच असे नाही. चित्रात सांधा फार बिघडलेला दिसावा आणि माणूस हिंडता-फिरता असावा, किंवा चित्र बरे असावे आणि माणूस कण्हत असावा, असे दोन्ही आढळते. सबब चित्र पाहून हातपाय गाळू नयेत.

आता उपाय. तो आम्हांस डेन्मार्कमध्ये सापडला. साठ लाखांच्या आसपास वस्तीचा तो देश. तेथील दक्षिण डेन्मार्क विद्यापीठातील एवा रोस आणि सोरेन स्कोऊ या दोन संशोधकांनी २०१३ साली गुडघा व खुब्याच्या रुग्णांसाठी ‘ग्लॅड’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ आनंदी असा आहे. पुढे तो कॅनडा, ऑस्ट्रेलिया, चीन आदी देशांत गेला. त्याची घडण अगदी साधी आहे. आधी दोन वर्ग शिकवण्याचे: सांधा म्हणजे काय, दुखते का, काय केल्याने फरक पडतो. कधी कधी हा कार्यक्रम आधी पुरा केलेला रुग्णच येऊन आपला अनुभव सांगतो. मग सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, असे बारा व्यायामवर्ग, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. त्यानंतर तीन महिन्यांनी आणि वर्षाने नोंद. आम्हां संघटनावाल्यांना हे वाचून घरच्यासारखे वाटले. आधी शिक्षण, मग एकत्र येऊन कृती, आणि शेवटी हिशेब. याहून निराळे आम्ही तरी काय करतो?

व्यायामही डोंबाऱ्याचे नाहीत. हात न लावता खुर्चीवरून सावकाश उठणे आणि सावकाश बसणे. पाठीवर निजून, गुडघे वाकवून कंबर उचलणे. पायाला रबरी पट्टा बांधून तो ताणणे. पायरीवर चढणे व उतरणे. एका पायावर भार ठेवून दुसरा पाय फडक्यावरून पुढे-मागे सरकवणे. प्रत्येक प्रकार दहा ते पंधरा वेळा, असे दोन-तीन फेरे. यात मुख्य दंडक असा की, गुडघा पावलाच्या रेषेत राहावा, आत कलू नये. सोपे झाले की पायरी उंच करावयाची, खुर्ची बुटकी घ्यावयाची.

“पण दुखले तर?” हा प्रश्न आपल्या मनात आलाच असेल. त्याला त्यांनी चांगले माप दिले आहे. दुखण्याला शून्यापासून दहापर्यंत गुण द्यावेत. दोनपर्यंत निर्धास्त, तीन ते पाच चालण्याजोगे, पाचाच्या वर गेले तर व्यायाम हलका करावा. आणि वाढलेले दुखणे चोवीस तासांत नेहमीच्या पातळीवर यावे. न आले तर पुढच्या वेळी थोडे कमी. व्यायामात थोडे दुखले म्हणजे सांधा मोडला असे नव्हे, हे ज्याला पटले त्याची अर्धी भीती गेली.

वजनाचेही सांगतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वजनदार रुग्णांचे वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असे दिसले. हमालाला हा हिशेब शिकवावा लागत नाही.

आता आपल्याच बाजूला अडचणीचे वाटेल ते लपवून ठेवणे योग्य होणार नाही. ‘ग्लॅड’मधील लोकांचे दुखणे सरासरी पाव हिस्सा कमी होते, असे नोंदी सांगतात, म्हणजे ते नाहीसे होत नाही. शिवाय २०२२ साली डेन्मार्कमध्येच २०६ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना हा कार्यक्रम दिला आणि काहींच्या गुडघ्यात निव्वळ मिठाच्या पाण्याची इंजेक्शने दिली. दोन्ही गटांना आराम सारखाच वाटला! मग व्यायाम फुकट गेला काय? आम्ही यावर बरेच दिवस विचार केला. दुखणे भरतीओहोटीसारखे असते. माणूस भरतीला उपाय शोधतो आणि ओहोटीचे श्रेय उपायाला देतो. कोणी आपली विचारपूस करतो आहे, यानेही उतार पडतो. हे सारे मान्य. तरीही इंजेक्शन संपल्यावर हाती काही उरत नाही. व्यायामाने मांडीत बळ येते, मधुमेह आणि रक्तदाब यांनाही हातभार लागतो, आणि भीती गेलेली असते. म्हणून आम्ही व्यायामाच्या बाजूने मत देतो. परंतु चमत्काराचे आश्वासन देत नाही.

शस्त्रक्रियेविषयीही असेच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील चाचणीत, सांधा बदलण्यास योग्य ठरलेल्या १०० रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रिया व त्यानंतर व्यायाम-शिक्षणादी उपचार दिले, निम्म्यांना केवळ ते उपचार. शस्त्रक्रियेच्या गटाला अधिक आराम पडला, पण गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच अधिक झाल्या. दुसऱ्या गटातील ५० पैकी १३ जणांनी वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घेतली. बाकीच्यांचे त्या वर्षापुरते तिच्यावाचून भागले. तात्पर्य, ज्याला गरज आहे त्याने शस्त्रक्रियेला भिऊ नये. परंतु व्यायाम करून पाहिल्यावाचून जमीन गहाण टाकू नये. २०१७ साली केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, हे चांगले झाले. तरी रुग्णालयाचा बाकीचा खर्च आणि बुडालेला रोज गरिबाला जड जातोच. आणि सांधा लाल होऊन सुजला, ताप आला, पडल्यानंतर पाय टेकवेना, किंवा गुडघा अडकून बसला, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. वेदनाशामक गोळ्या मनानेच महिनोन्‌महिने घेऊ नयेत. पोट आणि मूत्रपिंड त्यांची किंमत मोजतात.

शेवटी एक धोका सांगितल्यावाचून राहवत नाही. हे सारे ऐकून एखादा मालक म्हणेल, “मग पोती उचलणे हाही व्यायामच की!” नाही. व्यायामात वजन किती, फेरे किती, थांबावयाचे केव्हा, हे करणारा ठरवतो. पोत्याचे वजन दुसराच ठरवतो. वर्षानुवर्षे जड ओझी वाहणे, उकिडवे बसून किंवा गुडघे टेकून काम करणे, यांनी हा विकार बळावतो, हे सिद्ध झालेले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली की, प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाचे ओझे ५५ किलोंहून अधिक नसावे. आपल्या राज्याने १९६९ साली माथाडी कायदा केला. ती लढाई व्यायामाने संपत नाही. बारदानावरचे वजन कमी झालेच पाहिजे, आणि मांडीतले बळ वाढलेच पाहिजे. एकासाठी दुसरे सोडावे असे नाही. घरातल्या माउलीचेही तेच: तिला ओट्याशी एक स्टूल आणि चौरंगाऐवजी खुर्ची द्या, आणि संध्याकाळी अर्धा तास तिचा तिला द्या.

त्या हमालाचे काय झाले, असे आपण विचाराल. सरकारी रुग्णालयातल्या एका तरुण फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्याला उठण्या-बसण्यापासून सुरुवात करून दिली. आम्हीही त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो, कारण तोवर आमचाही डावा गुडघा बोलू लागला होता. पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात तो हात न लावता तीनदा उठला. तीन महिन्यांनी नऊ वेळा. गुडघा अजून दुखतो. पोते त्याने पुन्हा उचलले नाही, उचलूही नये. पण संघटनेच्या कचेरीचा जिना तो कठड्याला हात लावून स्वतः चढतो, आणि मंगळवारी-शुक्रवारी सकाळी तेथे जमणाऱ्या बाराएक म्हाताऱ्या हमालांची हजेरी तोच घेतो. उशिरा येणाऱ्याला चांगला दमही देतो.

आपण घरी गेल्यावर एवढेच करावे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसावे, हात छातीशी धरावेत, आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते ते मोजावे. तोल जाईल असे वाटले तर कोणाला तरी जवळ उभे करावे. आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. बसण्याचा हक्क आम्ही भांडून मिळवला, त्याचा आम्हांस पश्चात्ताप नाही. पण बसलेल्या माणसाला उठता आले पाहिजे, हे आम्हांस उशिरा कळले. आपणांस ते वेळेवर कळावे, एवढ्यासाठी हा आजचा खटाटोप.