माकडताप : पाळत जंगलापासून हवी

सिंधुदुर्गात काजूची बोंडे पिकतात त्याच दिवसांत माकडताप डोके वर काढतो. बागेतल्या पाचोळ्यात खसखशीएवढे गोचीड असते आणि ते बोंडे वेचणाऱ्याच्या पायावर चढते. चावल्याचे बहुधा कळतही नाही.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि भोवतालच्या गावांत माणसे तापाने दगावू लागली. आधी संशय आला पीतज्वराचा. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, तपास केला तेव्हा विषाणू निघाला रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला. कित्येक दशके हा आजार कर्नाटकातच असल्याची नोंद होती. २०१२ पासून तो निलगिरी, वायनाड असा दिसू लागला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात.

त्याचे चक्र नीट समजून घ्या. अंड्यातून निघालेली गोचिडाची अळी उंदीर, चिचुंद्री, खार यांच्या रक्तावर पोसते. पुढच्या अवस्थेतले पिल्लू माकडाला आणि माणसाला चावते. मोठे झालेले गोचीड गाईगुरांवर चढते. गुरे या विषाणूने आजारी पडत नाहीत, पण त्यांच्या रक्तावर गोचिडे वाढतात आणि जंगलात चरून आलेल्या गुरांबरोबर वस्तीजवळ येतात. माणसाकडून माणसाला मात्र हा ताप होत नाही. म्हणून रुग्ण मोजून रोगाचा माग लागत नाही. रुग्ण सापडतो तोवर विषाणू त्या रानात फिरून गेलेला असतो.

आता पाळतीचे काम कसे चालते ते पाहा. पांढरे फ्लॅनेलचे फडके पाचोळ्यावरून हळूहळू ओढत न्यायचे. जनावर आले असे समजून गोचिडे त्याला चिकटतात. ती चिमट्याने वेचायची, जात आणि अवस्था पाहून वेगळी करायची, मग प्रयोगशाळेत त्यांत विषाणू शोधायचा. हे कंबरमोडे काम आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचे. दुसरी खूण मेलेल्या माकडाची. माकड मेले की त्याच्या अंगावरची गोचिडे उतरून तिथेच पसरतात, ती जागा धोक्याची होते. शव कुजले तर नमुनाही हातचा जातो. वनखात्याला कळलेली बातमी आरोग्यखात्याकडे आठवड्याने पोहोचली, तर तिचा उपयोग काय?

गुरांच्या रक्ताचीही तपासणी हवी. २०११ मध्ये गुजरातेत साणंदजवळ गोचिडांमार्फतच पसरणाऱ्या क्रिमियन-काँगो तापाने माणसे दगावली. पुढे एनआयव्हीने २२ राज्यांतली गुरे, शेळ्या-मेंढ्या तपासल्या, तेव्हा त्या विषाणूशी संबंध आल्याच्या खुणा देशभर आढळल्या. जनावरे धडधाकट दिसत होती.

माकडतापावर नेमके औषध नाही, जुनी लसही आता दिली जात नाही. तेव्हा वन, पशुसंवर्धन आणि आरोग्य या तिन्ही खात्यांनी पावसाळा सरताच एकत्र कामाला लागावे, ही माझी मागणी आहे. आणि तुम्हाला विनंती : रानात मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.