तोंडबंदी आणि जिल्हाबंदी

(सातारा-सांगली जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या कागदावर विषय छापला आहे, 'विचारस्वातंत्र्य'. तो वाचून माण तालुक्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला दारातच अडवले. म्हणाले, "ज्वारीला भाव नाही, विहिरीला पाणी नाही, आणि तुम्ही लेखकांच्या पुस्तकांचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली. त्या काळात स्वतःच्या रानातला कापूस स्वतःच्या गाडीत भरून राज्याच्या सरहद्दीपलीकडे नेला, तर शेतकरी गुन्हेगार ठरत होता. ज्वारीची लेव्ही आणि जिल्हाबंदी जुन्या माणसांनी सोसली आहे. माल अडवताना सरकार सांगायचे की हे सारे तुमच्याच भल्याचे आहे. आता दुसरी गोष्ट ऐका. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' नावाच्या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या हद्दीत यायला बंदी केली होती. म्हणजे कापसाला सरहद्दबंदी झाली तशीच छापील कागदालाही. सुप्रीम कोर्टाने १९५० साली ती बंदी बेकायदा ठरवली. लगेच १९५१ च्या जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने बोलण्याच्या स्वातंत्र्यावर बंधने घालण्याची सरकारची मोकळीक वाढवली. त्याच दुरुस्तीने नववे परिशिष्ट आणले आणि त्यात घातलेल्या जमीनविषयक कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे कोर्टात आव्हान देण्याची वाट बंद केली. जमीनदारी मोडण्यासाठी हे करावे लागते, असे तेव्हा सांगितले गेले. हेतू काहीही असो, लेखकाचे तोंड आणि शेतकऱ्याची जमीन एकाच कागदाने, एकाच दिवशी बांधली गेली. तेव्हा ही भांडणे वेगळी आहेत, असे आपण तरी म्हणू नये.

आता आपल्या कराडकडे वळू. १९७५ च्या जूनमध्ये देशात आणीबाणी आली. वर्तमानपत्रांत काय छापायचे ते सरकारी अधिकारी तपासू लागले. काही पत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली. अशा काळात, त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये, कराडला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षा होत्या दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री, आपल्याच देवराष्ट्रे गावात जन्मलेले आणि १९४२ च्या लढ्यात स्वतः तुरुंग पाहिलेले. ज्या सरकारने देशाची तोंडे बंद केली, त्या सरकारातला माणूस यजमान आणि समोर लिहिणारी-वाचणारी सगळी मंडळी. गप्प बसायला याहून चांगले निमित्त कुठले? दुर्गाबाई गप्प बसल्या नाहीत. लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलायचे ते बोलल्या आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांना आराम पडावा म्हणून त्यांनी भर मांडवात प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. त्यांच्यामागे पक्ष नव्हता, कारखाना नव्हता, बँक नव्हती. १९७७ च्या मार्चमध्ये लोकांनी मत दिले, सरकार गेले आणि आणीबाणीही उठली.

सरकारी बंदी निदान उठते तरी. दुसरी बंदी उठत नाही. साताऱ्याचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि चार दिवसांनी ते गेले. दाभोलकरांच्या खटल्यात दोघांना जन्मठेप झाली ती २०२४ च्या मे महिन्यात, जवळजवळ अकरा वर्षांनी. त्यांचे सगळे विचार आपल्याला पटत होते असे नाही. देवाधर्मावरून आपल्यातल्या पुष्कळांचे त्यांच्याशी जमले नसते, आणि आर्थिक धोरणावरून पानसऱ्यांशी तर कडाक्याचे भांडण झाले असते. पण भांडायला समोरचा माणूस जिवंत लागतो.

तरीही माणच्या त्या भावाचा प्रश्न उरतोच. पोटाशी याचा संबंध काय?

चीनमध्ये १९५८ नंतर शेती कम्यूनमध्ये घातली गेली. वरून हुकूम आला, पीक दुप्पट दाखवा. खालच्या अधिकाऱ्याने भीतीने दाखवले. कागदावरच्या त्या पिकाच्या हिशोबाने सरकारने शेतकऱ्याच्या घरातले धान्य उचलून नेले. खळ्यात दाणा नाही, असे छापण्याची एकाही वर्तमानपत्राला सोय नव्हती. १९६१ पर्यंत जी माणसे मेली त्यांचा आकडा कमीत कमी दीड कोटी, आणि अनेक अभ्यासकांच्या मते तीन कोटींच्या वर आहे. त्यांत बहुतेक शेतकरीच होते. अमर्त्य सेन यांनी यावरून सांगितले की जिथे वर्तमानपत्रे मोकळी आहेत आणि निवडणुका होतात, तिथे असा मोठा भूकबळीचा दुष्काळ पडत नाही.

१९७२ चा दुष्काळ आठवा. माण, खटाव, आटपाडी, जत, सगळीकडे रान करपले होते. पण वर्तमानपत्रे लिहीत होती, आमदार विधानसभेत प्रश्न विचारत होते, कचेऱ्यांवर मोर्चे जात होते. वि. स. पागे यांनी आपल्या विसापूरला काम देण्याचा जो प्रयोग केला होता, त्यातून आलेली रोजगार हमीची कल्पना तयार होती. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. खडी फोडताना हात सोलवटले, हाल झाले, जनावरे गेली, पण चीनसारखी गावेच्या गावे मेली नाहीत. लोकांना ओरडता येत होते म्हणून सरकारला ऐकावे लागले. भाव मागायलासुद्धा आधी तोंड उघडावे लागते.

इथवर टाळ्या वाजवणे सोपे आहे. आता आपल्याच घरात येऊ.

महात्मा फुल्यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. त्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. शेतकऱ्याच्या लुटीचा हिशोब मांडणारे असे पुस्तक मराठीत आधी झाले नव्हते. त्याची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'त छापली गेली आणि पुढे छपाई थांबली. इंग्रज सरकारची बंदी आली नव्हती. पत्र आपल्याच चळवळीचे होते, माणसे आपलीच होती. त्यांनाच पुढचे छापण्याचे धैर्य झाले नाही. जोतीरावांनी ही खंत लिहून ठेवली आहे. पुस्तक पूर्ण छापलेले पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही.

आम्ही काही वेगळे वागलो का? गेल्या वर्षी एका तालुक्याच्या बैठकीत आम्ही ज्वारीच्या उत्पादन खर्चाचा तक्ता वाचून दाखवत होतो. नांगरट, बी, खुरपणी, काढणी, मळणी, घरच्या माणसांची मजुरी, सारे धरले होते. मागून एक तरुण उठला. म्हणाला, "कडब्याचे पैसे कुठे धरलेत? औंदा कडब्यानंच मला तारलं." मांडवात गलका झाला. "तू कुणाच्या बाजूचा?" "खाली बस!" आम्ही व्यासपीठावर होतो. आम्ही एक शब्द बोललो नाही. तो बसला. पंधरा दिवसांनी तोच तक्ता घेऊन आम्ही अधिकाऱ्यांसमोर गेलो. त्यांनी पाच मिनिटांत बोट ठेवले, "कडबा कुठे आहे?" कडबा धरूनही ज्वारी तोट्यातच होती, पण त्या दिवशी आमचे पुढचे कोणी ऐकून घेतले नाही. चीनच्या अधिकाऱ्याला वरच्याची भीती होती. आम्हाला टाळ्या जातील अशी भीती होती. खोटा आकडा दोन्हीकडे तसाच पुढे गेला.

खोटे बोलणाऱ्यालाही बोलू द्यायचे का, असे कोणी विचारील. त्याला उत्तर द्यावे, हिशोब मागावा. खाली बसवला तर तो खोटा होता की खरा, हेच आपल्याला कळणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक तालुका बैठकीत शेवटचा अर्धा तास आपल्याशी सहमत नसलेल्यांसाठी राखून ठेवावा आणि त्यात पहिली पाळी मायबहिणींची असावी. "खाली बस" म्हणणाऱ्याला अध्यक्षांनी तिथल्या तिथे थांबवावे. आपल्या या पत्रकात विरोधाचे पत्र आले, तर ते काटछाट न करता छापावे. हे मान्य असेल तर हात वर करा. मान्य नसेल त्यांनी उठून बोलावे. आम्ही थांबतो.

तो तरुण आजच्या बैठकीला आलेला नाही. परत जाताना त्याच्या वस्तीवर जाऊन, या वेळचा तक्ता आधी त्याला दाखवायचा, असे आम्ही ठरवले आहे.