परमिट रूम, ट्यूशन एरिया आणि आपल्या मुली

(मुरुड येथे महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



दारूवर बोलायचे म्हटले की आपल्या बैठकीत पहिल्यांदा निघतो तो घरातल्या मारहाणीचा विषय. तो निघायलाच हवा. पण आज मी दारूच्या दुसऱ्या एका जागेबद्दल बोलणार आहे. आपली मुले-मुली जिथे शिकायला जातात, तिथल्या बारबद्दल.

मुरुडची मुलगी दहावी झाली की लातूरला जाते. काही जणी रोज एसटीने जाऊन येतात, काही तिथेच कॉट बेसिसवर राहतात. 'लातूर पॅटर्न'चे नाव झाले ते शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांमुळे. पण आज मुलांचा निम्मा दिवस महाविद्यालयात नव्हे, तर खाजगी क्लासमध्ये जातो. उद्योग भवनाच्या परिसरात, औसा रोडच्या बाजूला क्लास, अभ्यासिका, मेस, झेरॉक्सची दुकाने यांची एक वसाहतच उभी राहिली आहे. लोक तिला ट्यूशन एरिया म्हणतात. सोळा-सतरा वर्षांची पोरे, आईबापापासून दूर, खिशात महिन्याचे पैसे आणि डोक्यावर 'नीट'चे ओझे. अशा वस्तीच्या कडेने बिअर शॉपी आणि परमिट रूम आल्या नसत्या तरच नवल. जिथे गिऱ्हाईक, तिथे दुकान.

वसतिगृहातल्या आणि खोल्या करून राहणाऱ्या मुलींशी मी गेली काही वर्षे बोलते आहे. बारमध्ये कोण काय पितो, याची तक्रार त्या फारशी करत नाहीत. त्यांची तक्रार रस्त्याची असते. रात्री क्लास सुटतो, मेसकडे जायचा रस्ता एकच असतो आणि त्यावर दुकानासमोर गाड्या आडव्या लावून टोळके उभे असते. कुणी काही बोलते, कुणी गाडी हळू करून मागे येते. दिवा बंद असतो. मुलगी हे घरी सांगत नाही. का सांगत नाही, तर सांगितले की बाप पुढच्या एसटीने येतो आणि सामान बांधून घेऊन जातो. एक मुलगी मला म्हणाली, "ताई, त्या पोरांची भीती कमी वाटते, बाबांना कळायची जास्त वाटते."

इथेच आपला प्रश्न सुरू होतो. बार उघडला, त्रास वाढला, तर बंधन कुणावर आले? वसतिगृहाचे फाटक नवाऐवजी साताला बंद होऊ लागले. अभ्यासिका रात्रभर उघडी, पण मुलांसाठी. मुलीने फी तेवढीच भरायची आणि अभ्यासाचे तास मात्र कमी घ्यायचे. २०२३ पासून एसटीत बाईला अर्धे तिकीट आहे. २०२४ पासून ठरावीक उत्पन्नाच्या आतील घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ आहे. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण फी माफ झाली आणि रस्ता बंद झाला, तर मुलगी शिकणार कशी?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. ज्याच्याकडे परमिट आहे त्यानेच प्यायची, म्हणून तर त्या खोलीला परमिट रूम म्हणतात. बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ लागते. म्हणजे ट्यूशन एरियातल्या बहुतेक मुलांना दारू देणे मुळातच बेकायदेशीर आहे. १८ वर्षांखालच्या मुलाला दारू दिली, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम लक्षात ठेवा. बारमालकाला परवाना जाण्याची भीती असते, पण तुरुंगाची त्याहून जास्त असते.

दुसरी गोष्ट अंतराची. शाळा, महाविद्यालय, देऊळ-मशीद, एसटी स्टँड यांच्यापासून ७५ मीटरच्या आत परमिट रूमला परवाना देऊ नये, असा नियम आहे. ७५ मीटर म्हणजे आपली शंभर-सव्वाशे पावले. हे अंतर फार थोडे आहे, पण निदान आहे तरी. मात्र या नियमातली मेख अशी : 'शैक्षणिक संस्था' म्हणजे मान्यताप्राप्त शाळा किंवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय. खाजगी क्लास त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहेत. ज्या शहराची ओळखच क्लासवर उभी आहे, तिथे हजारो मुले-मुली ज्या इमारतीत दिवस घालवतात, त्या इमारतीशेजारी बार उघडायला अंतराचा हा नियम आडवा येत नाही. देवळातल्या मूर्तीला ७५ मीटरचे संरक्षण आहे, क्लासमधल्या मुलीला नाही.

काही जणी म्हणतील, आपल्या हातात आडवी बाटली आहे की! आहे. मार्च २००८ च्या शासन आदेशाने गावातल्या किंवा शहरातल्या प्रभागातल्या महिलांना तो हक्क दिला. २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची, मग गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी बाटली. राज्यात कितीतरी गावांत बायांनी याच मार्गाने दुकाने बंद केली आहेत. पण गणित नीट समजून घ्या. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात, मतदानाला आलेल्यांच्या नव्हे. समजा प्रभागात २००० महिला मतदार आहेत. सह्या लागतील ५००, आणि मते लागतील १००१. त्या दिवशी ९०० जणी आल्या आणि सगळ्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी बाटली उभीच राहते. जी मजुरीला गेली, जी माहेरी गेली, जी वारली पण यादीतून नाव निघाले नाही, ती सगळी मते आपोआप दारू दुकानदाराच्या खात्यात जमा! आमदार, खासदार निवडताना हा नियम नाही. तो फक्त बाटली आडवी करतानाच का?

कॉलेजच्या वस्तीत तर हे गणित आणखी उलटे पडते. ज्या मुलींना त्रास होतो, त्यांतल्या निम्म्या अठरा वर्षांच्या नाहीत. ज्या आहेत, त्यांचे नाव मुरुडच्या, औशाच्या, अहमदपूरच्या यादीत असते. ट्यूशन एरियात त्या राहतात, भाडे भरतात, घाबरतात, पण मतदार नसतात. उलट जागा भाड्याने देणारे घरमालक तिथले मतदार असतात. म्हणून गावात चालणारे हत्यार तिथे जसेच्या तसे चालणार नाही.

हा प्रश्न एकट्या लातूरचा नाही. पुण्यात जून २०२४ मध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका हॉटेलात वेळ संपल्यावर मागच्या दाराने पार्टी चालल्याची चित्रफीत बाहेर आली आणि पोलीस निलंबित झाले. हा रस्ता म्हणजे पुण्यातल्या विद्यार्थ्यांची पेठच. त्याआधी महिनाभर, १९ मे रोजी, कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाने दारू पिऊन गाडी चालवली आणि दोन तरुण जिवांचा बळी गेला. त्या मुलाला दारू कुणी दिली? परवानाधारक जागेनेच. नियम होते, पण ते पाळून घेणारे झोपले होते. आणि शासनाचे काय? जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचे शुल्क वाढवले, तेव्हा १४ हजार कोटी रुपयांच्या जादा महसुलाचा अंदाज सांगितला गेला. तिजोरीच बाटलीवर उभी असेल, तर दुकान बंद करायला अधिकारी आपणहून कसा येईल?

आता एक अवघड मुद्दा. बारविरुद्ध बोलताना आपल्या शेजारी कोण येऊन उभे राहते ते नीट पाहा. जानेवारी २००९ मध्ये मंगळूरच्या पबमध्ये टोळीने घुसून मुलींना मारहाण केली, ती संस्कृतीच्या नावाने. पिणाऱ्या पुरुषांवर त्यांचा राग नव्हता, तिथे बसलेल्या मुलींवर होता. उद्या लातुरात कुणी आपल्या मोर्चात घुसून 'रात्री बाहेर फिरणाऱ्या मुलींनाही आवरा' अशी घोषणा देईल, तर तो आपला सोबती नव्हे, हे तिथल्या तिथे सांगायचे.

तसेच बारमध्ये काम करणाऱ्या बाईचे. २००५ मध्ये राज्याने डान्सबार बंद केले, तेव्हा स्त्री चळवळीतही मोठा वाद झाला. काही संघटना बंदीच्या बाजूने होत्या, काही त्या बायांच्या रोजीरोटीच्या बाजूने उभ्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती बंदी चुकीची ठरवली. त्याआधी २००७ मध्ये, दारू दिली जाते तिथे बायांनी कामच करू नये असा पंजाबच्या जुन्या कायद्यातला नियम त्याच न्यायालयाने रद्द केला. संरक्षणाच्या नावाखाली बाईचे काम काढून घेता येणार नाही, हे त्याचे सार. आपल्याकडे परमिट रूमच्या मागच्या मोरीत रात्री भांडी घासणारी बाई बहुधा एकटी असते, परित्यक्ता असते. तिला घरी जायला वाहन नाही, पगाराची पावती नाही. ती आपली आहे. आपले भांडण बेकायदा विक्रीशी आहे, तिच्याशी नाही.

मग करायचे काय? मी चार कामे सुचवते.

पहिले, ट्यूशन एरियाची पायी फिरून पाहणी करू. कुठले दुकान कुठल्या शाळा-कॉलेजपासून, एसटी स्टँडपासून किती अंतरावर, ते टेपने मोजू. दिवे कुठे बंद, तेही लिहू. पाहणीत मुलींनाच पुढे ठेवू.

दुसरे, १८ खालच्या मुलाला विक्री होताना दिसली तर तोंडी तक्रार करायची नाही. तारीख, वेळ, दुकान लिहून अर्ज द्यायचा, पोलीस ठाण्यात आणि उत्पादन शुल्क कार्यालयात. पोच घ्यायची. एका कार्यालयात माझ्या अर्जाची पोच द्यायला तीन आठवडे लावले होते. आपण पाचजणी रोज जाऊन बाकावर बसलो, की पोच मिळते.

तिसरे, दोन मागण्या शासनाकडे लावून धरू. क्लास आणि वसतिगृहे अंतराच्या नियमात घ्या. आणि आडव्या बाटलीचा निकाल झालेल्या मतदानावर लावा.

चौथे, वसतिगृहाच्या चालकांशी आणि आपल्याच घरातल्या बापांशी बोलू. २०१५ मध्ये दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी वसतिगृहांच्या कुलपांविरुद्ध 'पिंजरा तोड' म्हणत आवाज उठवला. आपल्या मुलींची मागणी त्याहून साधी आहे. रात्री नऊला क्लासमधून खोलीवर चालत जाता यावे, एवढीच.

यातले चौथे काम सगळ्यांत कठीण, कारण ते घरात करायचे आहे. ज्यांच्या मुली लातूरला आहेत, त्यांनी या रविवारी मुलीला एवढेच विचारा, की रस्त्यात काही त्रास होतो का? आणि विचारण्याआधी तिला शब्द द्या, की काहीही सांगितलेस तरी तुझे शिक्षण थांबणार नाही. मुली काय सांगतात ते पुढच्या बैठकीत घेऊन या. पाहणीची तारीख त्यावरून ठरवू.