खाणारी तोंडे आणि राबणारे हात



पगारवाढीची मागणी घेऊन आम्ही वाटाघाटीला बसलो की समोरून एक उत्तर हमखास येते : "फाटकाबाहेर शंभर माणसे उभी आहेत, याहून कमी पैशांत येतील." बोलणाऱ्याला ठाऊक नसते, पण या उत्तरामागे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचा सिद्धांत उभा आहे. त्याची आज पारख करण्याचे मी योजिले आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. तेव्हा पंडिती भाषेची अपेक्षा आपण ठेवू नये.

थॉमस रॉबर्ट माल्थस याने १७९८ साली लोकसंख्येवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे : लोकसंख्येला आवर नसेल तर ती दर २५ वर्षांनी दुप्पट होते, १, २, ४, ८ अशी. जमीन मर्यादित, म्हणून अन्न मात्र १, २, ३, ४ असे वाढते. मग दुष्काळ आणि रोगराई तोल साधतात. यावरून पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी ठरविले की, मजुरी वाढली तर मजुरांची पोरे वाढतील आणि मजुरी पुन्हा पोटापुरतीच राहील. मजुरीचा निधी ठरलेला. संघटना करून तो वाढायचा नाही. जॉन स्टुअर्ट मिल याने ही मजुरी-निधीची उपपत्ती १८६९ साली स्वतःच सोडून दिली. पण मालकवर्गाने ती अजून सोडलेली नाही.

हा वाद आपल्या दारापर्यंत आला होता. माल्थस १८०५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी कॉलेजात शिकवीत असे, आणि इकडे येणारे अधिकारी तेथे तयार होत. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाकाठी एक पौंड, म्हणजे सुमारे अर्धा शेर, धान्याची किंमत आणि वर एक आणा पुरे असे ठरविले. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. त्याच काळात धान्य देशाबाहेर जातच होते.

१९४३ चा बंगाल पाहा. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, त्या वर्षी धान्याचा पुरवठा १९४१ पेक्षा अधिक होता. भाव चढले, शेतमजुराची मजुरी मागे राहिली, आणि लाखो माणसे मेली. धान्य होते, पण ते घेण्याची ऐपत मजुराच्या हातात नव्हती.

आता आपला हिशेब. १९५१ ते २०११ या काळात लोकसंख्या ३६ कोटींवरून १२१ कोटींवर गेली, म्हणजे सुमारे सव्वातीनपट झाली. धान्योत्पादन सुमारे ५ कोटी टनांवरून २४ कोटी टनांवर, म्हणजे पावणेपाचपटीच्या आसपास गेले. आणि पोरांचे म्हणाल, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर स्त्रीमागे सरासरी अपत्ये २ एवढीच आढळली. मुली शिकल्या, जन्मलेली मुले जगू लागली, तशी कुटुंबे लहान झाली. स्थिती सुधारली की पोरे वाढतात, हे भाकीत साफ उलटे ठरले.

म्हणून मर्यादा नाहीतच असे मी म्हणत नाही. जे धान्य वाढले, त्यासाठी पंजाबात जमिनीखालचे पाणी इतके उपसले गेले की त्याची पातळी खोल खोल जात आहे. हा इशारा माल्थसच्या बाजूचा आहे, आणि तो आपण ऐकला पाहिजे. परंतु पाणी किती उपसावे, कोणत्या पिकाला द्यावे आणि टंचाईत प्रथम कोणाचे ताट रिकामे व्हावे, हे निसर्ग ठरवीत नाही, माणसे ठरवितात. तो निर्णय होतो तेथे राबणाऱ्याला बसायला जागा हवी. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या शंभरांनाही संघटनेत आणल्यावाचून ती मिळणार नाही. कंत्राटी आणि बदली कामगारांना परके मानणाऱ्या आपल्यातील कायम कामगारांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.